नाक उघडलं तो उन्हाळा

सोळावं वर्ष सरत आलं तोवर मला वास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, असं मी सांगते तेव्हा माझी सून हसते. तिला वाटतं, आई वाढवून सांगतायत. पण खरंच नव्हतं. नाक चेहऱ्यावर होतं, चालत मात्र नव्हतं. बारा महिने सर्दी, कपाळात दगड भरल्यासारखं जडपण, आणि श्वास सगळा तोंडाने. ओठ कायम सुकलेले, फुटलेले. शेजारच्या मिसराइन चाची मला दारात बघितलं की हटकून म्हणायच्या, “काए बिन्नू, मों काए खोलें फिरतीं?” मी तोंड मिटायची आणि त्या आत गेल्या की पुन्हा उघडायची. रात्री मी इतकी घोरायची म्हणे, की बाबा सकाळी विचारायचे, “काल मालगाडी कुठल्या लाइनीवर होती?” आम्ही झाँसीत नगऱ्यात राहायचो, बाबा रेल्वेच्या कारखान्यात कारकून, शंटिंगच्या शिट्ट्या आणि डब्यांची धडधड अष्टौप्रहर कानावर. तरी त्या सगळ्यातून माझं घोरणं वेगळं ऐकू यायचं, असं आईचं म्हणणं.

जेवणात मला गरम, गार, मऊ, कुरकुरीत एवढंच कळायचं. तिखट कळायचं, गोड कळायचं, पण वरणाला हिंगाची फोडणी आहे की जिऱ्याची, ते मी दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायची. आईचा हात चांगला होता. सणाला ती पुरणपोळी करी आणि एरवी इथल्या रिवाजाने डाळीचे वडे कढीत सोडून कढी-बऱ्याही. सगळे बोटं चाटत असताना मी मुकाट्याने गिळायची. “कुमूला जेवू घालणं म्हणजे दगडाला नैवेद्य,” आई म्हणायची. म्हणायची हसून, पण माझ्या ताटात तुपाची धार मात्र जास्त सोडायची. औषधं सगळी झाली होती. वाफारे झाले, छातीला तेलं झाली. दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक रबरी फुगा दिला होता, त्यात मिठाचं पाणी भरून नाकपुडीत दाबायचा. पहिल्याच दाबाला पाणी उलटून कानात गेलं, मी किंचाळले, आणि तो फुगा पुढे बाबांच्या सायकलचं तेल भरायला कामी आला.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि बाबांचे धाकटे भाऊ श्रीधरकाका. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. खाली दोन खोल्या, वर काकांची एक खोली आणि तिच्यापुढे गच्ची. गच्चीच्या कोपऱ्यात बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली सिमेंटची टाकी. नळाला पाणी पहाटे यायचं, पंप लावून टाकी भरायची आणि दिवसभर तेच पाणी वापरायचं. टाकीचा पत्रा वाऱ्याने सरकायचा, बाबा त्यावर विटा ठेवायचे.

काका विधुर होते. शालूकाकू ग्वाल्हेरची. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, काविळीने गेली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. रविवारी न्हाऊन ती गच्चीवर बसायची. निखाऱ्यांवर ऊद टाकून त्यावर वेताची टोपली पालथी घालायची, आणि ओले केस त्या टोपलीवर पसरून द्यायची. धूर केसांतून हळूहळू वर यायचा. असे केस धुपवणं आमच्या घरात तिच्याआधी कुणी करत नव्हतं आणि तिच्यानंतरही कुणी केलं नाही. मला ते दृश्य लख्ख आठवतं. वास आठवत नाही, कारण मला तो कधी आलाच नव्हता. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

काकू गेल्यावर काका काही काळ कुठल्याशा आश्रमात जाऊन राहिले. परत आले ते निम्मे झालेले, पण डोळे निवळलेले. पहाटे उठून आसनं करू लागले. लक्ष्मी गेटच्या आत एका कासाराकडून त्यांनी पितळेचं नेतीपात्र करवून घेतलं होतं. मुठीत मावेल एवढा चंबू आणि त्याला बाजूने निघालेली बारीक, वाकडी तोटी. तोटीचं टोक नाकाला लागू नये म्हणून काकांनी ते स्वतः घासून गुळगुळीत केलं होतं. रोज सकाळी गच्चीच्या कठड्याशी वाकून ते एका नाकपुडीत तोटी लावायचे, आणि दुसऱ्या नाकपुडीतून पाण्याची सरळ धार खाली पडायची. मला ते बघवायचं नाही. तरी बघत राहायची.

त्या वर्षी मे महिन्यात माझं डोकं इतकं दुखू लागलं की मी भिंतीला टेकून रडायची. काका म्हणाले, “कुमू, उद्यापासून तू माझ्याबरोबर वर ये. एक महिना करून बघ. नाही जमलं तर सोडून दे, कोई ज़बरदस्ती नाही.”

आई म्हणाली, “पाणी मी तापवून देते, कोमट लागतं ना?”

“वहिनी, गॅस कशाला जाळता? झाँसीच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी काय कमी तापतं? हात घालून बघा. रात्रभरात जेवढं पाहिजे तेवढंच कोमट राहतं.”

आईने हात घालून बघितला. खरंच, नाकाला सोसेल असं पाणी होतं. तिने फक्त मीठ काढून दिलं.

इथे थोडं थांबते. परवा सून आली होती, तिच्याजवळ या कामाचं एक यंत्र आहे. पांढरं, हातात धरायचं, चार्ज होतं. एका बाजूने पाणी सोडतं, दुसऱ्या बाजूने ओढून घेतं, आणि नाकातली घाण खालच्या पारदर्शक वाटीत गोळा होते. कुर्रर्र असा बारीक आवाज करतं. “आई, वापरून तर बघा, किती हलकं वाटतं!” मी म्हटलं, तू वापर. तिच्यासाठी पाणी मात्र मी स्वतः उकळलं, चांगलं खळखळून, झाकून गार केलं आणि भांडं तिच्या हातात दिलं. यंत्राबरोबरच्या कागदावरही बारीक अक्षरांत तेच लिहिलंय, उकळून गार केलेलं पाणीच घ्या म्हणून. ती म्हणाली, “आई, तुम्ही फार सोवळ्याच्या.”

तर, पहिले काही दिवस नुसता छळ. पाणी घशात उतरायचं, डोळे लाल व्हायचे, ठसका लागायचा. काका माझं डोकं दोन्ही हातांनी धरून बरोबर कोनात वाकवायचे. “तोंडाने श्वास. घाबरू नको. आ कर, आ.” आणि मग एका सकाळी कपाळाच्या आत काहीतरी सुटलं. टचकन आवाज आल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या नाकपुडीतून धार पडली, मी नाक शिंकरलं, सरळ उभी राहिले आणि तोंड मिटून श्वास घेतला. आत काहीतरी आलं. मला कळेना काय ते. मी काकांचा दंड धरला.

“हे काय आहे?”

“काय?”

“हे, हे जे येतंय.”

काकांनी हवेत नाक फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “ओलं सिमेंट आहे, बेटा. ओल्या सिमेंटचा वास आहे तो.”

त्यानंतरचे दिवस मी वेड्यासारखी घरभर फिरले. फोडणीत हिंग पडला तर मी धावत जायची. बाबांचा कारखान्यातला सदरा, पुस्तकांची पानं, कुलरची ओली खस, देवघरातलं तूप, मिसराइन चाचींच्या आंगणातलं शेण, सगळं मी जवळ जाऊन नाकाने ओढून घ्यायची. नावं मला येत नव्हती. मी वर्णन करायची आणि काका नाव सांगायचे. हा आमचा खेळच झाला. घरात कुणी तरी पुन्हा हसत होतं, आणि आई स्वयंपाक करताना मला हाक मारून विचारायची, “सांग बघू, आज काय?”

एक दिवस दुपारचं जेवण चाललं होतं. बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटली होती, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या. काकांनी घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला.

“वहिनी, ऊद लावलाय का कुणी?”

आई म्हणाली, “या उन्हात ऊद कशाला लावू?”

काका उठले. हात उष्टा तसाच धरून देवघरात जाऊन आले, दारापर्यंत जाऊन आले. शेजारून येत असेल, बाबा म्हणाले. “नाही,” काका म्हणाले, “घरातच आहे.” मग बसून जेवले, पण त्यांचं चित्त ताटात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना भाजी कडू लागली, चहा कडू लागला. डोकं थोडं दुखतंय म्हणाले, ऊन लागलं असेल. पण चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा कुर्ता घातला होता, आणि ते सारखे कान देऊन काही ऐकत असल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. “कुमू, तुझं नाक नवं आहे. अजून कशाची सवय नाही त्याला. माझ्याबरोबर जिन्याने वर चल. मी काही सांगणार नाही. काही आलं तर तू मला सांग.”

आमचा जिना मधे एकदा वळायचा. वळणावर एक झरोका होता, त्यातून तिरकं ऊन येत होतं. मी पुढे, काका मागे. वळणापर्यंत नुसती धूळ आणि तापलेली भिंत. वळणावर पाय ठेवला आणि ते आलं. मी थांबले. आधी गरम, कोरडं, घशाला किंचित चरचरणारं. आणि त्याच्या आत काहीतरी ओलं, गोडसर. ते एका जागी नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून गेलं, जसं कुणी अगदी जवळून जाताना वारा लागतो तसं, आणि वरच्या पायऱ्यांकडे सरकलं.

“सांग,” काका मागून म्हणाले. आवाज अगदी हळू.

“धूर आहे,” मी म्हटलं. “पण जळण्याचा नाही. आणि धुराच्या आत काहीतरी ओलं आहे. कपड्यांसारखं नाही. जिवंत आहे काहीतरी. माणसाचं.”

काका पायरीवर खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतायत, पण हात काढले तेव्हा ते हसत होते. “शालू,” ते म्हणाले. मी जिन्याखाली बघितलं. आई हातात परात घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. परात घेऊन आत निघून गेली.

त्यानंतर सगळं फार झपाट्याने झालं. सकाळी काकांना ताप होता. उलट्या झाल्या. डोकं फुटतंय म्हणत होते आणि खिडकी बंद करा, उजेड नको. तरी मधेच डोळे उघडून आईला म्हणाले, “वहिनी, थोडे निखारे द्या ना.”

आई म्हणाली, “भाऊजी, निखारे कुठून आणू? शेगडी काढून किती वर्षं झाली. कशाला हवेत?”

“तिचे केस ओले आहेत,” काका म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी पाणी मागावं. “अशा ओल्या केसांनी किती वेळ उभी राहील?” ते दाराकडे बघत होते. आम्हा सगळ्यांची नजर तिकडे गेली. दार उघडं होतं आणि गच्चीवर फक्त ऊन होतं. माझ्या हातावर काटा आला तो मला आजही लिहिताना जाणवतो. बाबांनी त्यांची मान उशीवर सरळ करायला हात लावला, तर मान वळेना. लाकडासारखी ताठ झाली होती. बाबांनी टेम्पो बोलावला. आम्ही काकांना चादरीत घालून जिन्यावरून खाली उतरवलं. वळणावर त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. दोन-तीन दिवसांत सगळं संपलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, इथल्या नव्हत्या, हिंदी जपून जपून बोलायच्या. आधी सगळ्यांना वाटलं ऊन चढलं, मग मेंदूज्वर म्हणाले. त्यांनी काकांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. क्रियाकर्म झाल्यावर त्या आमच्या घरी आल्या. चपला काढून खाली बसल्या, पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, “मरीज़ के पानी में कुछ हिल रहा था. ज़िंदा चीज़. वो गरम पानी में पलती है, और पेट से नहीं, नाक के रास्ते दिमाग में जाती है.” मग विचारलं, “वे कहीं तालाब में नहाए थे?”

बाबा म्हणाले, नाही. आई म्हणाली, “नेती करायचे.” आणि ती उठून वर गेली, नेतीपात्र घेऊन आली आणि त्यांच्यासमोर फरशीवर ठेवलं. डॉक्टरीणबाई त्या एवढ्याशा पितळी भांड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पानी कहाँ का लेते थे?”

बाबांनी वर, छताकडे बोट केलं.

“घर में और कौन करता है?”

मग आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गार होता.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. डोकं दुखतं का? नाही. मान दुखते? नाही. मान खाली वाकवून दाखव. दाखवली. मग त्यांनी विचारलं, “कोई ऐसी गंध आई, जो दूसरों को नहीं आई?”

मी बाबांकडे बघितलं. “हाँ,” मी म्हटलं.

या रोगाची सुरुवात अशा नसलेल्या वासानेच होते, हे मला नंतर कळलं; तेव्हा नुसता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला, पण मी समोरच बसले होते. “पहचानी हुई गंध थी?”

“मला कुठलाच गंध ओळखीचा नव्हता,” मी मराठीतच बोलून गेले आणि बाबांनी ते हिंदीत सांगितलं.

मला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. मला ठेवलं ती खोली लांबट, उंच छताची, चुना लावलेली. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. शिरेतून औषध चालू केलं, त्याने हुडहुडी भरायची आणि भर उन्हाळ्यात मी कांबळ्याखाली थरथरायची. आई खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. ती दर थोड्या वेळाने माझ्या मानेखाली हात घालून ती वळते का बघायची, आणि मी झोपेचं सोंग घेऊन तिला बघू द्यायची. कपाळात जरा ठणकलं तरी मी स्वतःच मान वाकवून बघायची. सगळ्यात वाईट म्हणजे वास. जो वास मिळाल्यावर मी नव्याने जन्मल्यासारखी झाले होते, त्याचीच मला भीती वाटू लागली. फिनेल, स्पिरिट, उकडलेला दलिया, प्रत्येक वासाला मी आईला विचारायची, “हा तुलाही येतोय ना?” ती म्हणायची, “हो, येतोय.” मग मी श्वास सोडायची. एकदा मी विचारलं आणि तिने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, तर मी ओरडून उठून बसले. ती नुसतीच डुलकी घेत होती.

रोज सकाळी डॉक्टरीणबाई रुमालात काहीतरी लपवून आणायच्या. डोळे मिटायचे आणि सांगायचं. लवंग. साबण. कांदा. एकदा नुसताच कोरडा रुमाल आणला होता, आणि मी “काहीच नाही” म्हटल्यावर त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला. ताप आला नाही. मान वळत राहिली. एक दिवस त्या म्हणाल्या, आता घरी जा. तू बचावलीस की तुला लागणच झाली नव्हती, हे मला सांगता येणार नाही. नाकात पाणी दोघांनी सारखंच घेतलं होतं, एकाच भांड्याने, एकाच टाकीचं. असं का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या वासाचं मात्र त्या म्हणाल्या, काकांनी तुझ्या मनात भरवलं असेल, घाबरलेल्या मुलीला असं होतं. मी मान हलवली. काकांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, हे मी पुन्हा सांगत बसले नाही. नेतीपात्र त्यांनी तपासायला नेलं होतं, ते आम्ही परत मागितलं नाही.

घरी आलो तेव्हा बाबांनी टाकी फोडून टाकली होती. स्वतःच घण घेऊन. सिमेंटचे तुकडे गच्चीभर पसरले होते आणि त्यांच्या तळहातांना फोड आले होते. काकांची खोली धुऊन बंद केली होती. सगळं घर बोलायचं म्हणून बोलत होतं. कारखान्याचा भोंगा झाला की आई भात टाकायची, बाबा यायचे, जेवायचे, आडवे व्हायचे. मी जिन्याकडे जात नव्हते. खालूनच दुसरीकडे बघत जायची.

पाऊस लांबला होता. एका दुपारी आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, मी तिच्याजवळ बसून खडे वेचत होते. बाबा कारखान्यात. ती ताटावरची नजर न उचलता म्हणाली, “कुमू, खरं सांग. जिन्यावर तुला खरंच आला होता वास?”

“हो.”

तिने मूठभर तांदूळ एका बाजूला सरकवले. “उदाचा. आणि न्हालेल्या केसांचा.”

“हो.”

“मलाही आला होता,” आई म्हणाली. “म्हणून तर स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले. माझ्यापासून जिन्याकडे गेला, आणि मग तू थांबलीस.”

माझ्या बोटांतला खडा तसाच राहिला. आईने जन्मात कधी नाकात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी विचारलं, “मग तू डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली. “त्या नाकात पाणी घेणाऱ्यांनाच विचारत होत्या.” आणि ताट झटकून ती भात टाकायला आत गेली.